जप्त झालेली चित्रे

छापील चित्र म्हटले की आपल्याकडील सुशिक्षित कुटुंबांच्या डोळ्यांपुढे प्रथम देवादिकांची मूर्ती उभी राहते. पुण्याची चित्रशाळा १८७८ साली निघाली, राजा रविवर्म्यांनी मुंबईस आपला छापखाना १८९४ साली काढला. तेव्हापासून रामपंचायतन, सरस्वती, लक्ष्मी यांनी आपल्या माजघरांच्या भिंती व्यापल्या, आणि त्याबद्दल कृतज्ञच असावयास हवे. ज्या घरात तैलचित्र येणे कधीच शक्य नव्हते त्या घरात रंग आणि रेषा शिळाछापाच्या मार्गाने आल्या. परंतु या सुखकारक परंपरेमुळे एक समज मात्र आपल्या मनात घट्ट बसला, तो असा की छापील चित्राचे काम मन प्रसन्न करणे एवढेच होय. मन अस्वस्थ करणारे, भिंतीवर लावता न येणारे, किंबहुना सरकारने जप्त करावे असेही चित्र छापले जाऊ शकते, ही गोष्ट आपल्या कलाविचारात फारशी शिरलेलीच नाही.

अशाच एका पुस्तकाविषयी आज आम्हांस लिहावयाचे आहे. पुस्तकाचे नाव ‘हंग्री बेंगाल’, चित्रकार चित्तप्रसाद. १९४३ साली ते मुंबईत छापले गेले. सरकारने त्याच्या पाच हजार प्रती जप्त करून नष्ट केल्या. चित्रकाराच्या कुटुंबीयांनी बँकेत जपून ठेवलेली एक प्रत मात्र वाचली आणि तिच्यावरून २०११ साली दिल्लीतील एका कलादालनाने हुबेहूब पुनर्मुद्रण केले. ज्या पुस्तकाने युद्धाच्या ऐन धुमश्चक्रीत लोकांच्या हाती पडावयाचे ते अडुसष्ट वर्षांनी संग्राहकांच्या हाती पडले. सरकारने ते जाळले नसते तर कदाचित रद्दीत गेले असते, हेही आम्हांस ठाऊक आहे. परंतु रद्दीत जाणे आणि जाळले जाणे यांत फरक आहेच.

चित्तप्रसाद हे बंगालचे. १९१५ साली नैहाटीस त्यांचा जन्म झाला आणि तरुणपण चितगावात गेले. आडनावाने जात कळते म्हणून भट्टाचार्य हे आडनाव त्यांनी टाकले. कलाशाळेचे रीतसर शिक्षण त्यांना मिळाले नाही. ब्रह्मदेश जपानच्या हाती पडल्यावर चितगाव युद्धाच्या तोंडाशी आले. त्या दिवसांत ते कम्युनिस्ट पक्षाकडे ओढले गेले आणि पक्षाने त्यांना मुंबईस आणले. ‘पीपल्स वॉर’ हे पक्षाचे इंग्रजी पत्र आणि ‘लोकयुद्ध’ ही त्याची मराठी आवृत्ती. या पत्रांकरिता दुष्काळाचे वृत्त आणि चित्रे आणावीत म्हणून १९४३ च्या नोव्हेंबरात ते मिदनापूर जिल्ह्यात हिंडले. छायाचित्रकार सुनील जाना हेही याच कामी बंगालभर फिरत होते. चित्तप्रसादांपाशी होते शाई, लेखणी आणि कागद.

दुष्काळाची कहाणी येथे विस्ताराने सांगण्याचे कारण नाही; तथापि चित्रे समजण्यापुरती ती सांगणे भाग आहे. ब्रह्मदेशचा तांदूळ १९४२ साली बंद झाला. जपानी सैन्य उतरलेच तर त्याच्या हाती काही लागू नये म्हणून किनाऱ्यालगतच्या मुलखातून शिलकी धान्य उचलले गेले आणि दहा अथवा अधिक माणसे वाहणाऱ्या होड्या काढून घेतल्या गेल्या. म्हणजे कोळ्याची आणि वाहतूक करणाराची भाकरी गेली. १६ ऑक्टोबर १९४२ रोजी मिदनापुरावर तुफान आणि समुद्राची लाट अशी दोन्ही संकटे कोसळली. सरकारी हिशेबाने सुमारे साडेचौदा हजार माणसे दगावली आणि ही बातमी वर्तमानपत्रांत कित्येक दिवस येऊ दिली नाही, कारण हाच जिल्हा त्या वर्षी ‘छोडो भारत’च्या चळवळीत पेटून उठला होता. साताऱ्याचे प्रतिसरकार ज्यांना ठाऊक आहे त्या वाचकांस तामलूकचे ताम्रलिप्त सरकार निराळे समजावून सांगावे लागणार नाही. पुढल्या वर्षी भाव असे चढले की भूमिहीन माणसाच्या मजुरीत भात बसेना. १९४५ च्या सरकारी चौकशी मंडळाने मृतांचा आकडा पंधरा लाखांवर ठेवला. पुढील अभ्यासकांनी तो तीस लाखांच्या आसपास नेला.

आता चित्रांकडे वळू.

पुस्तक उघडताच पहिली जी गोष्ट ध्यानात येते ती काळ्या रंगाची. करड्या छटांचा मऊपणा येथे फार थोडा. रेघ जाड, तुटक, काही ठिकाणी ओरखाडल्यासारखी. यात चित्रकाराच्या स्वभावाचा भाग आहे खरा, परंतु छापखान्याचाही आहे आणि आमच्या समीक्षेत छापखान्याची आठवण सहसा कोणी ठेवीत नाही. त्या काळी छायाचित्र छापावयाचे तर ठिपक्यांचा हाफटोन ब्लॉक करावा लागे, आणि युद्धकाळातल्या खडबडीत कागदावर त्या ठिपक्यांचा अनेकदा नुसता गढूळ डाग उरे. शाईच्या रेघेवरून केलेला लाइन ब्लॉक मात्र कसल्याही कागदावर स्वच्छ उठतो. म्हणून ज्याला आपले चित्र गिरणगावातल्या चाळीपर्यंत पोहोचवावयाचे होते त्याने अशी रेघ काढली की जी कोणताही ब्लॉक आणि कोणताही कागद बिघडवू शकणार नाही. दारिद्र्यातून आलेली ही शैली आहे आणि विषयही तोच. दोहोंचे असे जुळणे ठरवून साधत नाही.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. चित्तप्रसाद आपल्या माणसांची नावे लिहितात. हा कोण, कोणत्या गावचा, काय काम करीत असे, घरातली किती माणसे गेली, हे चित्राच्या अंगाशी अथवा भोवतालच्या मजकुरात दिलेले असते. एका चित्रात एक प्रेत पडलेले असून प्राणी-पक्षी त्याच्यावर जमले आहेत. दुष्काळाचे असे चित्र कोणीही काढू शकला असता. ते प्रतीक झाले असते, आणि प्रतीक झाले की वाचक हळहळून पान उलटतो. येथे मात्र त्या प्रेताचे नाव दिले आहे. हा माणूस अमुक नावाचा ‘होता’, एवढ्या साध्या भूतकाळाने चित्राचा अर्थ पालटतो. ते आता दुष्काळाचे चित्र राहत नाही. एका माणसाचे शेवटचे चित्र होते.

या ठिकाणी आम्हांस फ्रान्सच्या दोन शिळाछापांची आठवण होते. पैकी एक एदुआर मानेचा. १८७० साली प्रशियाशी युद्ध जुंपले, पॅरिसला वेढा पडला आणि हा चित्रकार स्वतः राष्ट्ररक्षक दलात भरती झाला. पुढे १८७१ च्या वसंतात पॅरिसची कम्यून उभी राहिली आणि मे महिन्याच्या अखेरच्या आठवड्यात फ्रेंच सरकारच्याच फौजेने ती रक्तात बुडविली. त्या यादवीवर मानेने जो शिळाछाप केला त्याचे नावच ‘यादवी’. मोडलेल्या अडथळ्याशेजारी राष्ट्ररक्षक दलाचा एक शिपाई मरून पडला आहे आणि उजव्या कोपऱ्यात कोणा दुसऱ्याच्या पाटलोणीतल्या पायांचा तुकडा दिसतो. चित्राची कड त्याचे बाकीचे शरीर कापून टाकते. तो कोण, कोणत्या बाजूचा, काही सांगितलेले नाही. शिपायाची ठेवण तर मानेने आपल्याच एका जुन्या चित्रातून, मृत वृषभयोद्ध्याच्या चित्रातून, घेतलेली आहे. छापावर साल १८७१ चे असले तरी तो प्रसिद्ध झाला १८७४ साली. या चित्रात भय आहे, संकोच आहे, बाजू न घेण्याची सावधगिरीही आहे. जाणत्यांना ते मोठे चित्र वाटते आणि आम्हांसही वाटते. परंतु तो शिपाई कोणाचा मुलगा होता, हा प्रश्न ते चित्र पाहणाऱ्याच्या मनात उठू देत नाही.

दुसरा छाप ओनोरे दोमिएचा, चाळीस वर्षे आधीचा. १८३४ च्या एप्रिलात पॅरिसमधील दंगलीत एका घरातून गोळी सुटली म्हणून शिपाई त्या घरात शिरले आणि झोपेतून उठलेल्या बिनहत्यारी माणसांना त्यांनी ठार मारले. दोमिएच्या चित्रात रात्रीचा सदरा घातलेला एक माणूस पलंगालगत कोसळला आहे आणि त्याच्या देहाखाली एक तान्हे मूल चिरडले गेले आहे. चित्राला नाव काय दिले? अन्याय, अत्याचार, रक्तपात असले काही नाही. रस्त्याचे नाव आणि तारीख: ‘रू त्रान्सनोनँ, १५ एप्रिल १८३४’. नुसता पत्ता. सरकारने त्याचे मिळतील तितके छाप नष्ट केले आणि पुढल्याच वर्षी राजकीय चित्रांवर कडक नियंत्रणाचा कायदा आणला.

या दोन मार्गांपैकी चित्तप्रसाद दोमिएच्या मार्गाने गेले. आमच्या मते ते त्याच्याही एक पाऊल पुढे गेले, कारण दोमिए पत्ता देतो, हे माणसाचे नाव देतात. सरकारांनाही याच मार्गाची अधिक धास्ती वाटावी, हे सहज समजण्याजोगे आहे. ‘भूक’ नावाच्या चित्राचे खंडन करावे लागत नाही. अमक्या गावचा अमका माणूस अन्नावाचून मेला, असे छापले की कोणीतरी उठून तो मेला नाही असे तरी सिद्ध करावयास हवे, नाही तर छापलेला कागद तरी जाळावयास हवा. सरकारने दुसरा उपाय योजला.

यात एक विसंगती आहे, ती लपविणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. चित्तप्रसादांचा पक्ष त्या वेळी सरकारविरुद्ध उभा नव्हता. जर्मनीने रशियावर चाल केल्यानंतर पक्षाने या युद्धाला लोकयुद्ध ठरविले होते, १९४२ च्या उठावापासून तो अलग राहिला होता आणि त्याच वर्षीच्या जुलैत त्याच्यावरील बंदी उठली होती. मिदनापुरासारख्या जिल्ह्यात, जेथील शेकडो घरे त्या उठावात होरपळली, तेथे अशा पक्षाचा माणूस वही घेऊन हिंडतो, याबद्दल तेथील लोकांना काय वाटले असेल याची कल्पना करता येते. पुस्तकाच्या गद्यात पक्षाचा हा सूर ऐकू येतो. साठेबाजांवर राग, ऐक्याचे आवाहन, मदतकार्याचे हिशेब. ते गद्य आज वाचताना मधून मधून कंटाळा येतो. चित्रांत मात्र पक्ष नाही. जो माणूस मान्य भूमिका मनात घेऊन निघाला त्याच्या हाताने भूमिकेत न मावणारी गोष्ट काढली आणि ज्या सरकारला त्याचा पक्ष अडचणीत आणू इच्छीत नव्हता त्याच सरकारला ते पुस्तक सहन झाले नाही. चित्रकाराचा हात त्याच्या मतांपेक्षा सरळ निघाला, असे आम्ही म्हणतो. हे त्यांच्या चाहत्यांना रुचणार नाही कदाचित. परंतु आमची समजूत अशी आहे.

मराठी वाचकांपुढे या ठिकाणी एक जुना वाद आपोआप येऊन उभा राहतो. फडके आणि खांडेकर यांच्या नावांवर कलेसाठी कला की जीवनासाठी कला, हा तंटा आपण पुष्कळ वर्षे घोळविला. ‘हंग्री बेंगाल’समोर तो तंटा निरर्थक होतो असे नव्हे, पण त्याचा आकार बदलतो. ही चित्रे जीवनासाठी आहेत यात शंका नाही. मदत मिळावी हाच त्यांचा हेतू. मग ती चांगली कशाने झाली? हेतूने नव्हे. त्याच वर्षी त्याच हेतूने काढलेली पुष्कळ भित्तिचित्रे आज पाहवत नाहीत. खुद्द चित्तप्रसादांचीही उंचावलेल्या मुठींची, निशाणांची, पाठीमागे उगवत्या सूर्याची चित्रे आहेत. त्यांतली मूठ कोणाचीच नसते. ती रेघ जोरकस आहे, आखणी नेटकी आहे आणि तरीही ती पाहून आमचे मन हलत नाही. याच हाताने काढलेली मिदनापुरातील एखादी बाई, हातात रिकामे भांडे, शेजारी पोर, एवढ्यावर आपले लक्ष खिळून राहते. फरक इतकाच की तिला त्याने पाहिले होते, तिच्यापुढे बसून तिचे नाव विचारले होते.

त्याच सुमारास कलकत्त्यास झैनुल आबेदीन यांनीही दुष्काळाची चित्रे काढली. रस्त्यावर मरणारी माणसे त्यांनी स्वस्त कागदावर कुंचल्याच्या मोजक्या फटकाऱ्यांनी अशी उतरविली की निव्वळ रेखाटनाचे कौशल्य तोलावयाचे झाल्यास आबेदीनांकडेच पारडे झुकेल. त्यांची माणसे बहुधा अनाम आहेत. शहराच्या फुटपाथावर नाव विचारावयास उरले कोण होते? चित्तप्रसाद खेड्यात गेले, जेथे मेलेल्याचे नाव सांगणारे शेजारी अद्याप जिवंत होते. दोघांच्या चित्रांतला भेद पुष्कळ अंशी या एका गोष्टीतून निघतो असे आम्हांस वाटते.

महाराष्ट्राने त्या दुष्काळाची दखल चित्राने घेतली नाही, गाण्याने घेतली. अण्णा भाऊ साठे यांचा ‘बंगालची हाक’ हा पोवाडा त्याच काळातला. मुंबईच्या कामगारवस्तीत तो डफावर गाइला गेला, ज्यांनी बंगाल कधी पाहिला नाही त्यांनी तो ऐकला. शाहिराची आणि चित्रकाराची ही मुंबई एकच होती. भारतीय जननाट्य संघ तेथेच १९४३ च्या मे महिन्यात स्थापन झाला आणि त्याच्या नगारा वाजविणाऱ्या माणसाचे चिन्ह चित्तप्रसादांच्या हातचे. आपल्याकडे राजकीय व्यंगचित्राची परंपरा नव्हती असे नव्हे, शं. वा. किर्लोस्करांच्या ‘टाकांच्या फेकी’ ज्या घरांत पोहोचल्या त्या घरांतल्या रूढींना चांगल्याच बोचल्या. पण थट्टा करणारा टाक आणि साक्ष देणारा टाक यांत अंतर आहे. साक्षीचे काम आपण शाहिरावर सोपविले. पोवाडा गाइला जातो तोवर त्याच्याइतके समर्थ काही नसते. गाणारे मंडळ पांगले की तो कंठांत राहतो आणि कंठ म्हातारे होतात.

हे लिहिण्यास कारण झाले ते एका लहानशा प्रसंगाने. परभणीहून जिंतूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या बोरी गावी, उन्हाळ्याच्या दुपारी, या पुस्तकाचे पुनर्मुद्रण आमच्या पुढ्यात उघडे होते. शेजारच्या आजी ताकाचे भांडे परत करावयास आल्या, त्या पानाकडे बघत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “हे बाहत्तरचं हाय का?” आम्ही सांगितले, बंगालचे आहे, आमच्या जन्माच्या आधीचे. त्या खाली बसल्या. “कोण्या गावचं?” आम्ही गाव वाचून दाखविले. मग त्यांनी विचारले, “नाव लिव्हलंय का त्याचं?”

कलेवरील जी पुस्तके आम्ही वाचली त्यांत हे दोन प्रश्न या क्रमाने कोणी विचारल्याचे आठवत नाही. त्या आजींनी चित्रातली रेघ पाहिली नाही, रचना पाहिली नाही, भूक मात्र ताबडतोब ओळखली. आणि ओळखल्याबरोबर त्यांना ती सर्वसाधारण राहू द्यावयाची नव्हती. चित्तप्रसादांनी १९४३ साली मिदनापुरात जे विचारले तेच त्यांनी विचारले. आमच्या मुलखात १९४३ साली निजामाचे राज्य होते. युद्धाच्या दिवसांत धान्याची सक्तीची लेव्ही येथेही वसूल होत असे आणि जुन्या माणसांच्या बोलण्यात तो शब्द अजून कडवट होऊनच निघे. १९७२ चा दुष्काळ त्याहून जवळचा. त्याची स्मृती आमच्याकडे राहिली आहे ती वस्तूंच्या नावांनी: खडी, सुकडी, मिलो. लाल मिलोची भाकरी कशी लागे हे सांगताना माणसे आजही तोंड वाकडे करतात. आजींनी त्या वर्षी रस्त्याच्या कामावर खडी फोडली होती. तेथे बरोबर कोण कोण होते, हे त्या बोलता बोलता सांगू लागल्या. सहा-सात नावे झाली, मध्ये एका बाईचे नाव आठवेना म्हणून थांबल्या, ‘तिचा दादला मांडवाखालीच गेला’ एवढेच म्हणाल्या आणि पुन्हा चित्राकडे बघू लागल्या.

चित्तप्रसादांचे पुढले आयुष्य मुंबईतच गेले. पक्षापासून ते दूर झाले, अंधेरीस एका खोलीत राहिले, लिनोलियमच्या तुकड्यांवर चित्रे कोरून हातांनी छाप काढीत राहिले. कष्टकरी मुलांवरची त्यांची लिनोचित्रे ‘परीकथेवाचून देवदूत’ अशा अर्थाच्या नावाने १९६९ साली युनिसेफच्या डेन्मार्कमधील समितीने प्रसिद्ध केली. या चित्रांत कौशल्य वाढलेले आहे. लिनोत काळे ठेवावयाचे तेवढे राखून पांढरे कोरून काढावे लागते, चुकलेली रेघ पुन्हा भरता येत नाही, आणि या कामातील त्यांचा हात फार थोड्यांना साधला असेल. तरीही आमचा कल त्या पहिल्या जप्त पुस्तकाकडेच राहतो. नंतरच्या मुलांना सुंदर डोळे आहेत, नावे नाहीत. डेन्मार्कमधल्या वाचकाला कोणतेही मूल चालण्यासारखे होते. १९७८ च्या नोव्हेंबरात चित्तप्रसाद कलकत्त्यास वारले.

पुनर्मुद्रणाविषयी एक तक्रार करून थांबतो. ते फार देखणे झाले आहे. ज्या चित्रांचा जन्म स्वस्त कागदाकरिता झाला ती आता संग्राहकाच्या कपाटात बसली आहेत, आणि बोरीसारख्या ठिकाणी असे पुस्तक येते ते कोणीतरी शहरातून पिशवीत घालून आणले तरच. जिल्ह्याच्या एखाद्या वाचनालयाने अथवा एखाद्या मासिकाने यांतली दहा-बारा चित्रे, त्यांच्या नावागावांसह, साध्या कागदावर मराठीत छापावीत. लाइन ब्लॉकची रेघ आहे. कागद कसाही असला तरी ती उठेल. आजींना ते चित्र आणखी एकदा पाहावयाचे आहे. पुस्तक परत करण्याची तारीख परवाची आहे.